जुनी आरसीसी फ्रेम इमारत भूकंपात कशी मोडेल, हे आधी कसं तपासायचं?

लंबक (धागाकर्ता)

जुन्या आरसीसी फ्रेमच्या इमारतींचे भूकंप-तपासणी अहवाल बहुतेक वेळा दोनपैकी एका जागी थांबतात. काही हॅमर मारून काँक्रीटची ताकद सांगतात आणि संपतात. काही सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल चढवून किती कॉलम 'फेल' याची लांबलचक यादी देतात. खरा प्रश्न राहूनच जातो. जमीन हलली की आधी काय मोडेल, त्यानंतर काय, आणि मोडलेल्या कॉलमवरचं वजन मग कोण धरेल?

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते आधी सांगतो. नवी इमारतसुद्धा भूकंपाच्या पूर्ण जोरासाठी डिझाइन होत नाही. आयएस १८९३ (भूकंपरोधक रचनेचं भारतीय मानक) च्या २०१६ च्या आवृत्तीत तन्य तपशील (न तुटता खूप वाकू देणारी सळ्यांची मांडणी) असलेल्या फ्रेमला प्रतिसाद-गुणांक ५ आहे आणि साध्या फ्रेमला ३. म्हणजे इमारत अजिबात न मोडता लवचिक राहिली असती तर जो जोर आला असता, त्याच्या पाचव्या किंवा तिसऱ्या हिश्श्यालाच तिची ताकद पुरवलेली असते. बाकीचं तिने सळई ताणून, तडे जाऊ देऊन, वाकून पचवायचं असतं. जुन्या इमारतीत तपासायची ती ही पचवण्याची क्षमता. ती काँक्रीटच्या ग्रेडपेक्षा रिंगांच्या (उभ्या सळ्यांभोवतीच्या आडव्या कड्यांच्या) अंतरावर, त्यांच्या टोकाच्या हुकांवर आणि बीम-कॉलमच्या जोडांवर जास्त अवलंबून असते.

चर्चेला एक उदाहरण धरू, सगळ्यांनी त्यावरच आकडे मांडावेत. ४ मजले, प्रत्येक मजला ३०० चौ.मी., सगळा भार धरून १२ किलोन्यूटन प्रति चौ.मी. एकूण वजन १४,४०० किलोन्यूटन. खाली ३०० × ४५० मिमीचे २० कॉलम, ४ फ्रेममध्ये प्रत्येकी ५. काँक्रीट एम२५ (ताकद २५ मेगापास्कल), रिंगा ८ मिमीच्या २०० मिमीवर, हूक ९० अंशांचे. आतल्या कॉलमवर सुमारे १,००० किलोन्यूटन.

पहिली चाळणी म्हणजे कॉलममधला सरासरी कातर-ताण (कॉलमला आडवा कापू पाहणारा ताण). पायाशी येणारा आडवा जोर वजनाच्या १०% धरला तर १,४४० किलोन्यूटन. कॉलमचं एकूण क्षेत्रफळ २.७ चौ.मी. टोकाच्या कॉलमला आतल्यापेक्षा कमी वाटा जातो, म्हणून कॉलमची संख्या भागिले (कॉलमची संख्या वजा फ्रेमची संख्या) हा गुणक लावतात, इथे २० / १६ = १.२५. मग १.२५ × १,४४० / २.७ म्हणजे ०.६७ मेगापास्कल. आयएस १५९८८ च्या प्राथमिक तपासणीत मर्यादा ०.४० मेगापास्कल, किंवा काँक्रीटच्या ताकदीच्या वर्गमुळाचा दहावा भाग, यातलं जे कमी ते. इमारत चाळणीत अडकली. आडवा जोर वजनाच्या ६% असता तर ती बरोबर ०.४० वर आली असती.

याचा अर्थ ती पडेल असा नाही. पुढची तपासणी करावीच लागेल, इतकाच.

---

कडी१३५

धाग्याचा रोख पटला. जागेवरच्या पाहणीबद्दल लिहितो, कारण तिथे चुकलं की पुढचं सगळं गणित हवेत राहतं.

नकाशात रिंगा १०० वर दाखवल्या असल्या तरी त्यावर विसंबू नये. सळई शोधणाऱ्या स्कॅनरने अंतर कळतं, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) कळतं, व्यासाचा अंदाज येतो. हूक ९० अंशांचा की १३५, हे मात्र कळत नाही. दाट सळ्यांच्या जागी दोन सळ्या एकच दिसतात. म्हणून निवडक कॉलमचं कव्हर फोडून पाहण्याला पर्याय नाही.

कुठे फोडायचं? स्लॅबच्या लगेच वर आणि बीमच्या तळाच्या लगेच खाली. भूकंपात वाकण्याची गाठ (सळई ताणून कॉलम बिजागरीसारखा वाकतो ती जागा) याच टोकांना पडते. आयएस १३९२० (तन्य तपशिलाचं भारतीय मानक) ला या टोकांच्या पट्ट्यात कॉलमच्या लहान बाजूच्या चौथा हिस्सा, सर्वांत बारीक उभ्या सळईच्या व्यासाच्या ६ पट आणि १०० मिमी यांतल्या सर्वांत कमी अंतरावर रिंगा हव्या असतात. ३०० मिमीच्या कॉलमला म्हणजे ७५ मिमी. पट्ट्याची लांबी कॉलमची मोठी बाजू, मोकळ्या उंचीचा सहावा भाग आणि ४५० मिमी यांतली सर्वांत जास्त. जुन्या कामात नेमकं उलटं सापडतं. मधे रिंगा ठीक असतात, पण वरच्या टोकाला शेवटची रिंग बीमच्या तळापासून २००–२५० मिमी खाली राहिलेली असते, कारण बीमचं लोखंड बसवताना ती अडते म्हणून खाली सरकवलेली असते.

फोडल्यावर चार गोष्टी टिपायच्या. हुकाचा कोन आणि काँक्रीटच्या आत शिरलेली शेपटी (६ व्यास, किमान ६५ मिमी हवी). उभ्या सळ्यांचा लॅप (दोन सळ्या शेजारी ठेवून केलेला जोड) स्लॅबच्या लगेच वर आहे का, आणि किती लांब. मधल्या उभ्या सळ्यांना आडवी कडी आहे की त्या मोकळ्या आहेत. आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी, म्हणजे बीम-कॉलमच्या जोडाच्या आत एक तरी रिंग आहे का. जोड तपासायला बाहेरच्या कोपऱ्यातला कॉलम निवडावा. तिथे दोन बाजूंना बीम नसल्यामुळे फोडता येतं, आणि भूकंपात सर्वांत आधी उघडा पडणारा जोडही तोच.

९० अंशांच्या हुकाचं काय होतं, हे एकदा समजलं की विसरत नाही. कव्हर निखळलं की शेपटीला आधार उरत नाही, रिंग उघडते, उभी सळई बाहेर फुगते आणि आतलं काँक्रीट निसटतं. रिंग १०० वर असो की २०० वर, त्या क्षणी ती नसल्यात जमा होते.

---

गाभा_नमुना

काँक्रीटच्या चाचण्यांबद्दल, कारण हॅमरवर अजूनही फार विश्वास टाकला जातो.

रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने) कठीण होतो, त्यामुळे आकडा वर जातो. ताकदीचा अंदाज ±२५% इतका इकडेतिकडे जातो हे धरूनच चालावं. त्याचा चांगला उपयोग म्हणजे इमारतीत कमकुवत जागा कुठे आहेत ते शोधणं आणि गाभे (काँक्रीटमधून कापून काढायचे दंडगोल नमुने) कुठून काढायचे ते ठरवणं. ध्वनिवेगाची चाचणीही तशीच. ३.५ किमी/सेकंदच्या वर साधारण चांगलं, ३ च्या खाली शंकास्पद. पण मार्गात सळई आली की वेग खोटा वाढतो.

ताकद हवी तर गाभा काढावा. व्यास मोठ्या खडीच्या तिप्पट तरी असावा. कॉलममध्ये मध्य-उंचीला काढावा, तिथे वाकण्याचा जोर कमी असतो. आधी स्कॅन करून उभी सळई वाचवावी. उंची-व्यास गुणोत्तराची दुरुस्ती विसरू नये. स्वीकृतीचा निकष लक्षात ठेवावा: किमान ३ गाभे, समतुल्य घनाची सरासरी ग्रेडच्या ८५% च्या वर आणि एकही ७५% च्या खाली नाही.

गंजासाठी फिनॉल्फ्थॅलीन फवारून कार्बोनेशन सळईपर्यंत पोचलं का ते पाहावं (गुलाबी न होणारा भाग कार्बोनेटेड). अर्ध-सेल विभवात (सळईचं विद्युत-विभव मोजण्याच्या चाचणीत) तांबे-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडला −३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण आकडा आला तर गंज चालू असण्याची शक्यता ९०% पेक्षा जास्त. रिंगा उभ्या सळ्यांच्या बाहेर असल्यामुळे गंज आधी त्यांना लागतो. ८ मिमीची रिंग घासून मोजल्यावर ६ मिमी भरली तर क्षेत्रफळ ४४% गेलेलं असतं. अहवालात 'किरकोळ गंज' असं लिहिलेलं असतं, तेव्हा हे गणित करून पाहा.

---

नवा_स्थापत्य

गाभ्याची सरासरी २५ ऐवजी १५ आली तर इमारत असुरक्षित असं सरळ म्हणता येईल का?

---

लंबक

सरळ नाही. अक्षीय भार (कॉलमवरचं उभं वजन) कमी असेल तर कॉलमचं वाकण्याचं बळ मुख्यतः सळईतून येतं, ग्रेड घसरल्याने ते थोडंच कमी होतं. फटका दुसरीकडून बसतो. आपल्या उदाहरणात १,००० किलोन्यूटन भागिले १,३५,००० चौ.मिमी म्हणजे ७.४ मेगापास्कल. एम२५ ला हे ताकदीच्या ३०%, पण १५ ला ४९%. इतक्या दाबाखाली कॉलम वाकायच्या आधी काँक्रीट चुरडतं, वाकून टिकण्याची वाव जवळपास संपते. म्हणून गाभ्याचा आकडा आला की तो एकटा न वाचता प्रत्येक कॉलमच्या अक्षीय भाराबरोबर वाचावा. चौथ्या मजल्यावर १५ चालून जाईल, तळाला नाही.

---

कातर_आधी

मला वाटतं या धाग्याचा गाभा हा आहे: कॉलम आधी वाकेल की आधी कातरेल? हे दोन भागाकारांनी कळतं, मॉडेलही लागत नाही.

उदाहरणातला कॉलम, ४५० मिमीच्या दिशेने. अक्षीय भार धरून त्याचं वाकण्याचं बळ सुमारे २३० किलोन्यूटन-मीटर येतं (उभी सळई प्रत्येक बाजूला साधारण ७६० चौ.मिमी धरून). दोन्ही टोकांना गाठी पडल्या की कॉलममध्ये येणारा कातर-जोर म्हणजे दोन्ही टोकांच्या बळांची बेरीज भागिले मोकळी उंची. उंची ३ मी. असेल तर २ × २३० / ३, सुमारे १५३ किलोन्यूटन.

कातर-क्षमता. रिंगांची: १०० चौ.मिमी × ४१५ × ४०० / २००, सुमारे ८३ किलोन्यूटन. काँक्रीटची, अक्षीय भाराचा फायदा धरून, सुमारे १३३. एकूण साधारण २१५. गुणोत्तर १५३ / २१५ म्हणजे ०.७१.

एएससीई ४१ (जुन्या इमारतींच्या भूकंप-तपासणीचं अमेरिकन मानक) च्या २००६ च्या आवृत्तीत हे गुणोत्तर ०.६ पर्यंत असेल आणि रिंगांचा तपशील नीट असेल तर कॉलम वाकून मोडणारा, ०.६ ते १.० मधे असेल तर आधी वाकून मग कातरणारा, १.० च्या वर असेल तर थेट कातरणारा. आपला मधल्या गटात. मधला गट फसवा असतो, कारण गाठ वाकत गेली की काँक्रीट पोखरतं आणि कातर-क्षमता ७०% पर्यंत खाली येते. २१५ ची १५० होते, आणि मागणी आहे १५३. म्हणजे सुरुवातीला हा कॉलम चांगला वागतो, पुढे कातरतो. शिवाय वरच्या ८३ मध्ये ९० अंशांचा हूक धरलेलाच नाही.

आता याच कॉलमच्या बाजूला २ मी. उंचीची अर्धी भिंत घट्ट बांधलेली आहे आणि वर १ मी. खिडकी आहे असं धरा. मोकळी उंची १ मी. मागणी २ × २३० / १ = ४६० किलोन्यूटन. आखूड कॉलमला काँक्रीटचा वाटा जवळपास दुप्पट होतो, एकूण क्षमता सुमारे ३३०. गुणोत्तर १.३९. तोच कॉलम, तेच लोखंड, पण हा न वाकता थेट कातरणार. नकाशात ती भिंत 'भार न घेणारी' म्हणून दाखवलेली असते.

---

नवा_स्थापत्य

हे स्पष्ट झालं. पण एक शंका. २० कॉलम × १५३ म्हणजे ३,०६० किलोन्यूटन, वजनाच्या २१%. चाळणीत १०% लाही नापास आणि इथे २१% ताकद, हे कसं?

---

कातर_आधी

चांगला प्रश्न. पहिलं, चाळणीची मर्यादा मुद्दाम कडक ठेवलेली असते, तिला अक्षीय भार आणि लोखंड माहीत नसतं. दुसरं, सगळे कॉलम १५३ देणार नाहीत. बाहेरच्या ओळीतल्यांवर भार कमी म्हणून वाकण्याचं बळही कमी, आणि हलण्याने एका बाजूच्यांवरचा भार आणखी घटतो. ३०० मिमीच्या दिशेने तर आकडा बराच खाली जाईल, ती दिशा वेगळी तपासावी. तिसरं सर्वांत महत्त्वाचं: तो १०% प्रतिसाद-गुणांकाने आधीच भागलेला आहे. गुणांक ३ होता असं धरलं तर न भागलेला जोर ३०%, म्हणजे ४,३२० किलोन्यूटन. ताकद २१%. इमारत लवचिक मर्यादेपलीकडे जाणारच. ताकदीचा हिशोब तिथे संपला, पुढे किती सरकून टिकते हा हिशोब सुरू.

आता एका बाजूची ओळ, म्हणजे एका फ्रेमचे ५ कॉलम, अर्ध्या भिंतीने आखूड झालेत असं धरा. कडकपणा उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून १ मी.चा कॉलम ३ मी.च्या २७ पट कडक. ५ × २७ = १३५, बाकीचे १५. मजला न वळता सरळ सरकला तर ९०% जोर त्या पाचांकडे जातो. त्यांची एकूण क्षमता साधारण १,६५०. ते आधी कातरणार, एकदम सगळे. मग उरलेल्या पंधरांची २,३०० च्या आसपास, वजनाच्या १६%. शिवाय कडक ओळ एका कडेला असल्यामुळे इमारत मुळातच वळत होती, ते वेगळं. सरासरी कातर-ताणाच्या चाळणीत यातलं काहीच दिसत नाही.

---

अक्षभार

कातरलेला कॉलम लगेच पडत नाही, हे इथे जोडायला हवं. कातर-बळ गेल्यावरही तिरक्या तड्यावरच्या घर्षणाने तो वजन काही काळ पेलतो. किती सरकेपर्यंत, याचा अंदाज एलवूड आणि मोहले या संशोधकांच्या सूत्रातून येतो. तड्याचा कोन आडव्यापासून ६५ अंश धरतात. अक्षीय भार आणि रिंगांचं अंतर वाढलं की मर्यादा घटते, रिंगांचं क्षेत्रफळ वाढलं की वाढते.

उदाहरणातला कॉलम घातला, रिंगांच्या आतल्या काँक्रीटच्या गाभ्याची खोली ३५० मिमी धरून. १,००० किलोन्यूटन आणि रिंगा २०० वर: उंचीच्या सुमारे २.६%. रिंगा १०० वर असत्या तर ४.२%. भार २,००० केला तर १.५%. ३ मी.ला २.६% म्हणजे ७८ मिमी. तेवढं सरकल्यावर हा कॉलम वरचा मजला सोडतो.

आखूड कॉलमला हेच प्रमाण त्याच्या १ मी. उंचीला लागतं, म्हणजे २६ मिमी. त्या मजल्यावरच्या बाकी कॉलमना २६ मिमी म्हणजे ०.९% सुद्धा नाही, त्यांची वजन सोडण्याची मर्यादा अजून बरीच दूर असते. म्हणजे मजला एकूण फारसा सरकलेला नसताना एक ओळ वजन सोडून देते. सूत्र वाकून मग कातरणाऱ्या कॉलमच्या चाचण्यांवर बसवलेलं आहे, त्यामुळे थेट कातरणाऱ्यांना हा २६ सुद्धा उदार धरावा.

म्हणून अहवालात प्रत्येक मोडणाऱ्या कॉलमपुढे दोन आकडे मागा: किती सरकल्यावर कातरतो, आणि किती सरकल्यावर वजन सोडतो. शेजारचे बीम आणि स्लॅब ते वजन पलीकडच्या कॉलमवर नेऊ शकतात का, तेही. तळाच्या सळ्या जोडात फक्त १५० मिमी शिरून थांबल्या असतील तर नेऊ शकत नाहीत, त्या उपटून निघतात.

१९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाच्या तळमजल्यावर हा फरक शेजारी-शेजारी दिसला. कोपऱ्यातले साध्या रिंगांचे कॉलम चुरडले, आणि गोल फिरत्या कडीचे कॉलम खूप वाकूनही गाभा धरून राहिले.

---

वीटभरण

सगळे कॉलमवर लिहीत आहेत, भिंती राहिल्या. फ्रेमच्या चौकटीत घट्ट बसवलेली विटांची भिंत तिरक्या दाबदांडीसारखं काम करते. मॉडेलमध्ये तिचं फक्त वजन घालायचं आणि कडकपणा सोडायचा, ही चूक दोन्हीकडून नडते.

एक, आवर्तकाल (इमारतीचा एक झोका पूर्ण व्हायला लागणारा वेळ) चुकतो. १५ मी. उंचीच्या उघड्या फ्रेमला ०.०७५ गुणिले उंचीचा ०.७५ घात, म्हणजे ०.५७ सेकंद. भिंती धरून, पायथ्याची लांबी १६ मी. असेल तर ०.०९ × १५ / ४, म्हणजे ०.३४ सेकंद. खडकाळ जमिनीवर आयएस १८९३ च्या आलेखात ०.५७ ला गुणांक १.७५ येतो, ०.३४ ला २.५. भिंती विसरल्या की मागणी ३०% कमी धरली जाते. मध्यम जमिनीवर फरक फारसा उरत नाही, कारण तिथे सपाट भाग ०.५५ सेकंदापर्यंत जातो.

दोन, वर भिंती आणि खाली मोकळं पार्किंग असेल तर सगळं सरकणं त्या एका मजल्यात गोळा होतं. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून २०० किमीहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच मोकळ्या तळमजल्याच्या इमारती बसल्या. उघड्या फ्रेमचं मॉडेल हे दाखवतच नाही. त्यात चारही मजले जवळजवळ सारखे सरकतात आणि सगळं ठीक दिसतं. चार मजल्यांत वाटून १२० मिमी सरकणं म्हणजे मजल्याला १%. तेच १२० तळाच्या ३ मी.त गोळा झालं तर ४%. वर अक्षभार यांनी दिलेला २.६% शेजारी ठेवून पाहा.

दाबदांडीची रुंदी भिंतीच्या कर्णाच्या साधारण दहाव्या भागाच्या आसपास निघते, पण वीट, मसाला आणि कॉलमचा कडकपणा यांवर ती बदलते, सूत्राने काढावी. दार-खिडकी मोठी असेल तर दांडी धरू नये. आणि दोन मॉडेल चालवावीत, एक भिंतीसह, एक भिंती फुटून गेल्यावरचं. दोन्हींतलं वाईट उत्तर घ्यावं.

---

गाठ_गणक

पुशओव्हरबद्दल, म्हणजे मॉडेलला आडवं हळूहळू ढकलत काय कधी मोडतं ते पाहण्याबद्दल. पद्धत चांगली आहे, पण तयार गाठी वापरून केलेलं पुशओव्हर न केलेलं बरं. सॉफ्टवेअर आपोआप देतं त्या गाठी वाकण्याच्या असतात. कातरणारा कॉलम, लॅप सुटणारा कॉलम, रिंग नसलेला जोड यांच्या गाठी आपण स्वतः घालाव्या लागतात. नाही घातल्या तर इमारत ४% पर्यंत सुंदर वाकत जाते, आणि 'जीवितसुरक्षा पातळीत' असा शेरा मिळतो.

तडे गेलेल्या काटछेदाचा कडकपणा धरला का, ते पाहा (आयएस १८९३ मध्ये बीमला ३५%, कॉलमला ७०%). पूर्ण कडकपणा धरला तर सरकणं कमी येतं आणि निकाल खोटा आशादायक होतो. लॅप छोटा असेल तर सळई ताणाच्या मर्यादेपर्यंत पोचतच नाही, लॅपच्या प्रमाणात तिचा ताण खाली आणून वाकण्याचं बळ पुन्हा काढावं. वजन सरकल्याने येणारा जादा आघूर्ण चालू ठेवावा. ढकलणं दोन्ही दिशांनी, अधिक आणि उणे, आणि आखूड कॉलमची ओळ एका कडेला असेल तर त्रिमित मॉडेलच.

उंच किंवा वळणाऱ्या इमारतीत पुशओव्हर अपुरं पडतं, तिथे खऱ्या भूकंप-नोंदी घालून कालानुक्रमे विश्लेषण करावं. एएससीई ४१ च्या २०१७ च्या आवृत्तीत त्यासाठी ११ नोंदींचा संच धरतात. ३ नोंदींवर काढलेली सरासरी पाहिली की मी अहवाल बाजूला ठेवतो, नोंद बदलली तर उत्तर बदलतं.

@लंबक, जमीन राहिली. १९८५ मध्ये मेक्सिको सिटी उगमापासून ३५० किमीहून दूर होती. जुन्या तळ्याच्या गाळाचा आवर्तकाल अनेक ठिकाणी २ सेकंदांच्या आसपास, आणि जास्त मार ६ ते १५ मजल्यांच्या इमारतींना बसला. तडे जाऊन इमारत मऊ होते, तिचा आवर्तकाल लांबत जमिनीच्या आवर्तकालाकडे सरकतो. आपली ४ मजली इमारत मऊ जमिनीवर असेल तर ०.३४ ला तपासून थांबू नये, भिंती फुटल्यावर ती कुठे जाते तेही पाहावं.

---

पडदी

स्लॅब आणि लिफ्टची भिंत यांच्या जोडणीकडे कोणी पाहत नाही. 'लिफ्टची आरसीसी भिंत आहे, ती जोर घेईल' असं लिहिलं जातं. जोर भिंतीपर्यंत पोचायला स्लॅबमधून सळई भिंतीत नीट अडकलेली हवी. लिफ्ट आणि जिना दोन्ही भिंतीला लागून असतील तर स्लॅबचा संपर्क तीन बाजूंनी तुटलेला असतो, उरलेल्या एका बाजूतून सगळा जोर जायचा.

२२ फेब्रुवारी २०११ ला क्राइस्टचर्चमध्ये सीटीव्ही इमारत कोसळली, ११५ माणसं गेली. ६ मजल्यांच्या त्या इमारतीत मजले आणि उत्तरेची भिंत यांची जोडणी कमकुवत होती आणि कॉलममध्ये तन्य तपशील नव्हता. सप्टेंबर २०१० च्या भूकंपानंतर तिला हिरवं स्टिकर मिळालं होतं. हिरव्या स्टिकरचा अर्थ आजचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही इतकाच असतो. पुढच्या धक्क्याला ती टिकेल का, याचं उत्तर त्यात नसतं, आणि माणसं ते उत्तर समजून आत जातात. हे रहिवाशांना स्पष्ट शब्दांत सांगणं तपासणाऱ्याचं काम आहे.

---

नवा_स्थापत्य

धक्क्यानंतर तडे पाहून काय कळतं?

---

कडी१३५

कॉलमच्या टोकाला आडवे तडे म्हणजे वाकणं. मधोमध तिरके किंवा एकमेकांना छेदणारे म्हणजे कातर, त्या कॉलमला तातडीने टेकू द्यावा. कोपऱ्याच्या सळईला समांतर उभे तडे स्लॅबच्या वर असतील तर लॅप सुटतोय किंवा गंज आहे. तडे जुने आहेत का ते पाहा: आत धूळ, रंग, कोळिष्टक असेल तर धक्क्याच्या आधीचे.

रुंदीवरून प्रत जपानी पद्धतीत अशी धरतात: ०.२ मिमीच्या आत पहिली, १ मिमीपर्यंत दुसरी, २ मिमीपर्यंत तिसरी. त्यापुढे कव्हर निखळून सळई दिसली तर चौथी, सळई फुगली किंवा गाभा चुरडला तर पाचवी. रुंदी गिलाव्यावर मोजू नये, गिलावा काढून काँक्रीटवर मोजावी. आणि भूकंप थांबल्यावर तडे मिटतात, त्यामुळे बारीक तिरका तडा दिसला तरी हलताना तो किती उघडला होता ते कळत नाही. कॉलमवरच्या तिरक्या तड्याला म्हणूनच मी एक प्रत वरची देतो.

---

लंबक

दोन गोष्टी जोडतो. किती कॉलम फोडायचे, असा प्रश्न येईलच. मी संख्येपेक्षा प्रकारांनी जातो: आतला, कडेचा, कोपऱ्याचा, अर्ध्या भिंतीलगतचा, आणि जिन्याच्या मधल्या लँडिंगचा बीम अडकलेला (तोही आखूड कॉलमच, नेहमी सुटतो). प्रत्येक प्रकारचे किमान दोन, तळाच्या मजल्यावर. दोन्हींत रिंगांचं अंतर जुळलं नाही तर तिसरा. मजले वेगवेगळ्या वेळी चढवलेले असतील तर प्रत्येक टप्पा वेगळी इमारत समजावा. माहिती अपुरी राहिली तर एएससीई ४१ प्रमाणे क्षमतेला ०.७५ ने गुणावं. आपल्या ०.७१ गुणोत्तराच्या कॉलमचं त्याने ०.९५ होतं, म्हणजे चार कॉलम जास्त फोडण्याची किंमत किती ते कळतं.

फोडलेली जागा तशीच सोडू नये. सळई तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने दोन थरांत भरावी, पाण्याने ओली ठेवावी. गाभ्याचं भोक न आकसणाऱ्या ग्राउटने त्याच दिवशी. एका फ्रेममधल्या दोन शेजारच्या कॉलमवर एकाच वेळी काम करू नये, आणि तळाच्या टोकाला कव्हर काढताना उभ्या सळईच्या मागे छिन्नी घालू नये.

@पडदी, स्लॅब-भिंत जोडणी उघडून पाहताना तुम्ही वरून तपासता की खालून? वरून फरशी निघते, पण तिथेच सळई भिंतीत वळलेली आहे का ते दिसतं.

---

पडदी

वरून. भिंतीपासून ३०० मिमीचा पट्टा, फरशी आणि खालचा थर काढून. आधी स्कॅनर फिरवून भिंतीकडे जाणाऱ्या सळ्या खुणावायच्या, मग दर मजल्यावर एकच जागा उघडायची. वरच्या मजल्यांना जोडणीवरचा जोर जास्त येतो, म्हणून सुरुवात गच्चीच्या खालच्या मजल्यापासून.